लोणच्याच्या नावाचा खेळ

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत गुणी विद्यार्थ्यांचा सत्कार आणि भगिनी मंडळाचे हळदीकुंकू या दोहोंच्या मध्ये 'पिकलबॉल' हा शब्द छापलेला पाहून येथे लोणच्याचे प्रात्यक्षिक होणार आहे, अशी काही भगिनींची समजूत झाल्याचे माझ्या कानावर आले आहे. त्यांची निराशा होणार, याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. पिकलबॉल हा चेंडूफळीचा एक खेळ आहे. त्याच्या नावाचा लोणच्याशी संबंध आहे, पण तोही सरळ नाही. तो पुढे यथावकाश सांगेन.

हा विषय मी निवडला त्यास एक निमित्त आहे. आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांची मुले आज अमेरिकेत आणि कॅनडात आहेत. त्यांच्याकडे चार-सहा महिने राहून आलेले आजी-आजोबा पूर्वी तेथील रस्त्यांचे आणि दुकानांचे वर्णन करीत. अलीकडे ते पिकलबॉलचे वर्णन करतात. घराजवळच्या सार्वजनिक उद्यानात सुनबाईंबरोबर गेलो, अनोळखी लोकांनी हातात फळी दिली, आणि साठीनंतर प्रथमच घाम येईपर्यंत खेळलो, असे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज दिसते ते पाहण्यासारखे असते. यानंतर त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "येथे हे कोठे खेळावयास मिळेल?" या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आज मी प्रयत्न करणार आहे. शिवाय, मागील सभागृहातील बॅडमिंटनच्या कोर्टावर पिकलबॉलच्या रेषा आखाव्यात, असा एक अर्ज कार्यकारी मंडळापुढे आलेला आहे. त्याविषयीही मला काही निवेदन करावयाचे आहे.

प्रथम खेळाची जन्मकथा. सन १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिॲटल शहराजवळच्या बेनब्रिज नामक बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल हे दोन मित्र गोल्फ खेळून घरी परतले. घरची मंडळी कंटाळून बसलेली होती. अंगणात बॅडमिंटनचे जुने कोर्ट होते, परंतु खेळण्याचे साहित्य पुरे सापडेना. तेव्हा टेबल टेनिसच्या फळ्या आणि भोके असलेला प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन त्यांनी मंडळींना खेळावयास लावले. चेंडू फरशीवर बरा उसळतो असे दिसल्यावर जाळी खाली आणली. बार्नी मॅककॅलम हा तिसरा मित्र लवकरच येऊन मिळाला. त्याने प्लायवुडच्या फळ्या कापून दिल्या. तिघांनी मिळून नियम रचले, आणि रचताना त्यांची दृष्टी एकच होती : लहानथोर सर्वांना एकत्र खेळता आले पाहिजे. यांपैकी प्रिचर्ड पुढे अमेरिकन काँग्रेसचे सदस्य आणि त्यानंतर वॉशिंग्टन राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. सन २०२२ मध्ये त्याच राज्याने पिकलबॉलला आपला अधिकृत राज्यखेळ म्हणून मान्यता दिली.

आता नावाविषयी. प्रिचर्ड यांच्या पत्नी जोन यांना नौकाशर्यतींची आवड होती. त्या शर्यतींत, निवडक नावांत ज्यांना स्थान मिळाले नाही अशा उरल्यासुरल्या वल्हेकऱ्यांची जी नाव भरली जाते तिला 'पिकल बोट' म्हणतात. एका खेळाचे कोर्ट, दुसऱ्याच्या फळ्या आणि तिसऱ्याचा चेंडू अशा उरल्यासुरल्या साहित्यातून जमलेल्या या खेळास त्या बाईंनी ते नाव दिले. प्रिचर्डांच्या पिकल्स नावाच्या कुत्र्यावरून खेळाचे नाव पडले अशीही एक लोकप्रिय कथा आहे. परंतु कुत्रा नंतर घरी आला आणि खेळावरून त्याचे नाव ठेवले, असे प्रिचर्ड कुटुंबीयांचे म्हणणे आहे, आणि ते मानावयास मला अडचण दिसत नाही. निवडीत न बसलेल्यांची नाव हा अर्थ मला फार अर्थपूर्ण वाटतो. आपल्या घराघरांत अशी मंडळी आहेत : शाळेत खो-खोमध्ये चमकलेली आणि लग्नानंतर मैदान न पाहिलेली वहिनी, निवृत्तीनंतर वर्तमानपत्र आणि दूरदर्शन यांच्यामध्ये अडकलेले काका, क्रिकेटच्या संघात कधीच न घेतला गेलेला मुलगा. त्यांच्यासाठीच हा खेळ आहे.

भारतात हा खेळ आणण्याचे श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकर यांच्याकडे जाते. कॅनडात पाहिलेला हा खेळ २००६ च्या सुमारास त्यांनी येथे आणला आणि २००८ साली अखिल भारतीय पिकलबॉल संघटना स्थापन झाली. एका मराठी माणसाने हे काम, फारसे कोणी विचारीत नव्हते अशा काळात केले, याची नोंद आपण ठेवली पाहिजे.

आता कोर्टाकडे वळू. पिकलबॉलचे कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते. बॅडमिंटनच्या दुहेरी सामन्याचे कोर्टही नेमके तेवढेच. मौज अशी की ज्या बॅडमिंटनच्या पाठीवर हा खेळ वाढला त्याचे धागेदोरे आपल्या पुण्यापर्यंत पोचतात. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी तो खेळ खेळत, आणि त्यास काही काळ 'पूना' याच नावाने ओळखत. जाळी कडेला ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच उंच असते. जाळीच्या दोन्ही बाजूंस ७ फुटांवर एक आडवी रेषा आखतात. तिच्या आतील पट्ट्यास नियमांच्या पुस्तकात रुक्ष नाव आहे, परंतु सारे जग त्यास 'किचन', म्हणजे स्वयंपाकघर, म्हणते.

या स्वयंपाकघराचा नियम हाच खेळाचा प्राण आहे. त्यात उभे राहून, किंवा त्याच्या रेषेस पाय लावून, चेंडू टप्पा पडण्याआधी हवेतल्या हवेत मारता येत नाही. चेंडूचा आत टप्पा पडला असेल तर खुशाल आत शिरावे, मारावा आणि बाहेर यावे. हवेतला चेंडू बाहेरून मारला, परंतु त्या भरात तोल जाऊन पाय आत पडला, तरी तीही चूकच. इतकेच काय, डोक्यावरची टोपी त्या भरात आत पडली तरी चूक. आपल्या आजीच्या सोवळ्यातील स्वयंपाकघराची ज्यांना आठवण आहे त्यांना हा नियम समजावून सांगावा लागणार नाही! मात्र एक भेद ध्यानात ठेवा. आजीच्या स्वयंपाकघरात कोणी जावयाचे हे जन्माने ठरत असे. येथे ते चेंडूच्या टप्प्याने ठरते, आणि नियम दोन्ही बाजूंस सारखा लागू असतो. या नियमामुळे धिप्पाड जवानास जाळीला चिकटून धडाधड फटके मारता येत नाहीत, आणि साठीच्या गृहस्थास त्याच्यापुढे उभे राहता येते.

खेळाचा आरंभ सर्व्हिसने होतो. शेवटच्या रेषेमागे उभे राहून, हात खालून वर नेत, कमरेच्या खाली चेंडू मारावयाचा आणि तो तिरकस समोरच्या चौकटीत, स्वयंपाकघर आणि त्याची रेषा ओलांडून, टाकावयाचा. संधी एकच मिळते. ज्यांना हातातला चेंडू अधांतरी मारणे कठीण जाते त्यांनी तो नुसता हातातून सोडावा आणि टप्पा पडल्यावर मारावा. नियमाने तशी मुभा आहे. त्यानंतर दोन टप्प्यांचा नियम येतो : सर्व्हिस स्वीकारणाऱ्याने एक टप्पा पडू दिला पाहिजे, आणि त्याने परत धाडलेला चेंडू सर्व्हिस करणाऱ्या बाजूनेही एक टप्पा पडू दिला पाहिजे. त्यानंतरच हवेत मारण्यास सर्वांस मोकळीक. नवखी मंडळी हा दुसरा टप्पा हटकून विसरतात, कारण सर्व्हिस केल्याबरोबर पुढे धावण्याची ओढ अनावर असते. सर्व्हिस केल्यावर जागीच थांबावे.

गुणमोजणी प्रथम थोडी क्लिष्ट वाटते. सामना सामान्यतः ११ गुणांचा असतो आणि दोन गुणांच्या फरकाने जिंकावा लागतो. रूढ पद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूस मिळतात. काही स्पर्धांत प्रत्येक चेंडूमागे गुण देण्याची पद्धतही आहे. दुहेरीत एका बाजूचे दोन्ही खेळाडू पाळीपाळीने सर्व्हिस करतात, म्हणून सर्व्हिसपूर्वी तीन आकडे पुकारावयाचे : आपले गुण, प्रतिपक्षाचे गुण, आणि आपण पहिले की दुसरे. प्रारंभ करणाऱ्या बाजूस पहिल्या डावात एकाच खेळाडूची सर्व्हिस मिळते, म्हणून खेळ 'शून्य, शून्य, दोन' अशा पुकाऱ्याने सुरू होतो. हे सारे ऐकून जे गोंधळले असतील त्यांनी काळजी करू नये. दोन सामने खेळले की पाढ्यासारखे तोंडी येते.

याहून महत्त्वाचा एक नियम आहे. मैत्रीच्या खेळात पंच नसतो. चेंडू आपल्या बाजूस रेषेच्या आत पडला की बाहेर, हे आपणच सांगावयाचे, आणि शंका असेल तर निर्णय प्रतिपक्षाच्या बाजूने द्यावयाचा. चेंडू खात्रीने बाहेर दिसला तरच 'बाहेर'. बोर्डाच्या परीक्षेत गुणपडताळणीचे अर्ज करणाऱ्या आपल्या समाजास हा नियम प्रथम अवघड जाईल, पण मुलांना शिकविण्यासाठी याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

शिकावयाचे कसे? मोठे फटके मारावयास शिकू नका. जाळीच्या दोन्ही बाजूंस स्वयंपाकघराच्या रेषेमागे उभे राहा आणि चेंडू हळुवारपणे एकमेकांच्या स्वयंपाकघरात टाकत राहा. या हलक्या फटक्यास 'डिंक' म्हणतात; आपल्या लाडवांचे नावही तेच असल्यामुळे लक्षात राहण्यास अडचण नाही. वीस वेळा चेंडू खाली न पडता इकडून तिकडे गेला म्हणजे सर्व्हिसकडे वळावे. टेनिस खेळलेली मंडळी हात फार लांब फिरवितात, बॅडमिंटनची मंडळी मनगट फार झटकतात. दोघांनाही आवरते घ्यावे लागते. माझ्या पाहण्यात कॅरमचे खेळाडू फार लवकर शिकतात. हलक्या हाताचा आणि धीराचा त्यांना अभ्यास असतो.

शरीराविषयी दोन गोष्टी अगदी आग्रहाने सांगतो. डोक्यावरून मागे जाणाऱ्या चेंडूसाठी पाठमोरे पाय टाकत कधीही मागे जाऊ नका. वळा आणि मग चाला. या खेळात वडीलधाऱ्यांना होणाऱ्या पडझडीचे हे एक मोठे कारण आहे, आणि साठीनंतर मनगट किंवा खुबा मोडणे म्हणजे काय ते येथील कित्येक कुटुंबांस ठाऊक आहे. चेंडू सोडून द्यावा, गुण जाऊ द्यावा. दुसरे, चालण्याचे किंवा धावण्याचे बूट येथे उपयोगाचे नाहीत. आडव्या हालचालीस आधार देणारे, बॅडमिंटनसाठी मिळतात तसे सपाट तळव्याचे बूट घ्यावेत. हृदयविकार किंवा गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांस विचारून यावे. फळी मात्र आरंभी विकत घेण्याची घाई करू नये. बहुतेक ठिकाणी भाड्याने मिळते. चेंडू दोन जातींचे असतात : बंदिस्त जागेतील मऊ चेंडूस साधारणतः २६ मोठी भोके आणि उघड्यावरील कठीण चेंडूस ४० लहान भोके. वाऱ्यामध्ये पहिला चेंडू नेला तर तो आपल्या मर्जीने फिरतो.

आता मूळ प्रश्न : कोर्ट कोठे शोधावे? अमेरिकेत हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी उद्यानापर्यंत चालत गेले की सुटतो. तेथील कित्येक गावांनी सार्वजनिक टेनिस कोर्टांवर रेषा आखून दिल्या आहेत. आपल्याकडे मोकळ्या जागेची काय अवस्था आहे हे मुंबईकरास सांगावयास नको. येथील बहुतेक कोर्टे खाजगी आहेत आणि तासाच्या भाड्याने मिळतात. प्लेओ आणि हडल या मोबाइलवरील सेवांत आपल्या भागाचे नाव घातले की जवळची कोर्टे, वेळ आणि दर दिसतात. हे काम घरातील नातवाकडे सोपवावे. भाडे चौघांत वाटले जाते, आणि कामकाजाच्या दिवशी सकाळी उशिरा किंवा दुपारी ते सामान्यतः कमी असते. निवृत्तांसाठी याच वेळा सोयीच्या. जाण्यापूर्वी एकदा नुसते पाहून यावे : फरशी निसरडी नाही ना, शेवटच्या रेषेमागे आठ-दहा फूट मोकळी जागा आहे ना, दिवे डोळ्यांवर येत नाहीत ना, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे ना. कृत्रिम गवताच्या मैदानावर, जेथे मुले पेटीतले क्रिकेट खेळतात तेथे, चेंडू नीट उसळत नाही. तेथे पैसे दवडू नयेत. उघड्या कोर्टावर पावसाच्या चार थेंबांनंतरही पाय ठेवू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथे 'ओपन प्ले', म्हणजे खुला खेळ, कोणत्या वेळी असतो ते विचारावे. त्याची रीत अशी : येणारा प्रत्येक जण आपली फळी एका ओळीत ठेवतो. एक सामना संपला की ओळीतील पुढच्या चार फळ्यांचे धनी कोर्टावर उतरतात. जोडीदार कोण मिळेल हे फळी ठरविते. एकटा आलेला माणूस एकटा राहत नाही, आणि चौघांची जमवाजमव करण्याची गरज उरत नाही. एक सामना पंधरा-वीस मिनिटांत संपतो, म्हणून थांबावेही फार लागत नाही.

येथे मी आपल्या अर्जाकडे येतो. आपल्या मागील सभागृहात बॅडमिंटनचे कोर्ट आहे. वर्षातील बहुतेक दिवस तेथे मांडवाचे सामान आणि खुर्च्या रचलेल्या असतात. या कोर्टावर पिकलबॉलसाठी किती नव्या रेषा लागतात? अवघ्या दोन. बाहेरची चौकट आहे तीच, मधली रेषा आहे तीच. बॅडमिंटनची आखूड सर्व्हिसची रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर असते. तिच्यामागे अर्ध्या फुटावर दोन्ही बाजूंस एकेक रेषा वेगळ्या रंगाने ओढली की स्वयंपाकघर तयार. जाळी खाली आणावयाची. खर्च रंगाचा, चार फळ्यांचा आणि डझनभर चेंडूंचा. शेजाऱ्यांचा विचार मात्र केला पाहिजे. या फळीचा टकटक आवाज दूरवर जातो, आणि त्यावरून अमेरिकेत शेजाऱ्यांचे तंटे न्यायालयापर्यंत गेले आहेत. सकाळी आठपूर्वी आणि रात्री नऊनंतर खेळ नसावा, व मागच्या चाळीकडील खिडक्या लावलेल्या असाव्यात, असे मी सुचवितो.

रेषांबद्दल कोणाचा फारसा आक्षेप नाही, असे मला कळते. मतभेद आहे तो कोणी खेळावे याबद्दल. ही वास्तू ज्ञातीच्या देणग्यांतून उभी राहिली, तेव्हा कोर्ट ज्ञातिबांधवांपुरतेच असावे, असे काही ज्येष्ठांचे म्हणणे आहे. ज्यांनी मंगळसूत्र गहाण ठेवून या वास्तूस वर्गणी दिली अशा मातांची नावे दर्शनी दालनातील फलकावर आहेत, आणि त्या भावनेचा मी अनादर करीत नाही. तथापि मला या मुंबईतीलच एक इतिहास आठवतो. येथे एके काळी हिंदू, पारशी, मुसलमान अशा धर्मवार संघांचे क्रिकेटचे सामने होत. ते १९४६ पर्यंत चालले. हिंदूंच्या संघात पळवणकर बाळू नावाचा अस्पृश्य मानला गेलेला अलौकिक गोलंदाज होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात त्याच्या चेंडूवर सामने जिंकणारे त्याचेच सहकारी चहाच्या वेळी त्यास बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. कर्णधारपद त्यास कधी मिळाले नाही. ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल यास १९२३ मध्ये मिळाले, आणि तेही पुष्कळ वादानंतर. ज्या लोकांनी ती भांडी वेगळी ठेवली त्यांची नावे आज कोणी सांगत नाही.

आपली संस्था शिष्यवृत्त्या देते, वधुवर मेळावे भरविते, आजारपणात मदत करते. ते ज्ञातीचे कार्य आहे आणि ते चालू राहो. परंतु कोर्टावर फळ्यांची ओळ लागते तेव्हा फळीला आडनाव विचारावयाचे, असा नियम आपण केला तर तो या खेळाच्या प्रकृतीविरुद्ध होईल. त्यात एक व्यावहारिक अडचणही आहे. गुरुवारी सकाळी अकरा वाजता आपल्यापैकी किती जण येतील? तीन आले तर खेळ होत नाही. समोरच्या चाळीतील शिक्षिका आणि कोपऱ्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आले तर पाच होतात आणि खेळ चालतो. म्हणून माझी सूचना अशी : शनिवार-रविवारची सकाळ सभासद कुटुंबांसाठी ठेवावी, आणि उरलेल्या दिवशीचे दोन-दोन तास परिसरातील सर्वांस, तेवढ्याच फीमध्ये, खुले असावेत. चहाची व्यवस्था एकच असावी.

भगिनींसाठी एक वेगळी सूचना आहे. आरंभीचा एक महिना मंगळवारी दुपारी फक्त स्त्रियांसाठी शिकवणी ठेवावी. पंचवीस-तीस वर्षे खेळ सोडलेल्या बाईस पुरुषांच्या देखत पहिला चेंडू चुकविणे जड जाते. महिन्यानंतर ती कोणाच्या देखत खेळावयास कचरत नाही, हे मी दोन ठिकाणी पाहिले आहे.

अध्यक्षांच्या अनुमतीने मागील सभागृहातील खुर्च्या आज हलविल्या आहेत आणि खडूने दोन रेषा आखल्या आहेत. सहा फळ्या आणि मऊ चेंडू ठेवले आहेत. हळदीकुंकवानंतर ज्यांना इच्छा असेल त्यांनी यावे. फळी ओळीत ठेवावी आणि पुकारा होईपर्यंत बसावे. चपला बाहेर काढाव्यात, बूट असल्यास घालावेत, आणि गुळगुळीत फरशीवर मोजे घालून कोणी उतरू नये.